हा ‘ईएमआय’ शेजारी भरतो

‘ईएमआय’ म्हटले की आपल्याला घराचा नाहीतर गाडीचा हप्ता आठवतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांना मात्र या तीन अक्षरांनी दुसरेच काही आठवते: इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्स, म्हणजेच विद्युतचुंबकीय व्यत्यय. एका उपकरणाने तारांतून किंवा हवेतून गोंगाट सोडायचा आणि दुसऱ्या उपकरणाचे काम बिघडवायचे, असा हा प्रकार. दोन्ही ‘ईएमआय’मध्ये एक मोठा फरक आहे. कर्जाचा हप्ता ज्याने वस्तू घेतली तोच भरतो. हा दुसरा ‘ईएमआय’ मात्र वस्तू न घेतलेल्या शेजाऱ्याला भरावा लागतो. त्याला त्याचे कारणही कळत नाही आणि विकणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. म्हणूनच हा विषय केवळ अभियंत्यांचा राहू नये, असे मला वाटते.

या गोंगाटाचा उगम आपल्या घरातच आहे. मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफाय राउटर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर एसी, छतावरच्या सौरपॅनेलचा इन्व्हर्टर, ई-स्कूटरचा चार्जर. या सगळ्यांच्या पोटात जवळपास एकच यंत्रणा असते. तिला स्विचिंग कन्व्हर्टर म्हणतात. संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या भाषेत ‘एसएमपीएस’. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशी उपकरणे घरात दोन-चार असत. आज साध्या दोन खोल्यांच्या घरात ती डझनभर सहज निघतील. २०१५ मध्ये सुरू झालेल्या एकट्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांच्या छतांचे आहे. प्रत्येक छताला किमान एक इन्व्हर्टर लागणारच.

हे तंत्रज्ञान वाईट आहे, असे मुळीच नाही. जुना अ‍ॅडॉप्टर आठवा. हातात घेतला की विटेसारखा जड आणि तासाभरात गरम. त्यात लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असे आणि बरीच वीज उष्णतेत वाया जाई. नव्या पद्धतीत घरातली २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज आधी सरळ करून घेतात. तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच तिला सेकंदाला हजारो, बहुधा लाखभर वेळा चालू-बंद करतो. इतक्या वेगाने तुकडे केलेली वीज चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधूनही जाऊ शकते. म्हणून आजचा चार्जर काडेपेटीएवढा असतो, हलका असतो आणि वीजही वाचवतो. मागे जायचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो या चालू-बंदच्या आवाजाचा.

नळाचे उदाहरण घ्या. चावी सावकाश फिरवून नळ बंद केला तर पाइप गप्प राहतो. जोरात वाहणारा नळ एका झटक्यात बंद केला तर भिंतीतला पाइप धाडकन वाजतो, कधी शेजारच्या खोलीतही ऐकू येतो. विजेचेही तसेच आहे. कन्व्हर्टरमधला स्विच सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी वेळात उघडतो किंवा मिटतो. त्या प्रत्येक झटक्याचा धक्का तारांमध्ये बसतो आणि त्यातून रेडिओलहरी उठतात. स्विच जितका झटपट, तितकी वीज कमी वाया जाते आणि तितकाच गोंगाट वाढतो. या क्षेत्रातली मूळ ओढाताण हीच आहे.

शिवाय हा गोंगाट एका सुरात राहत नाही. स्विच ज्या गतीने चालतो तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या पट्टींत तो उमटतो. समजा, एखादा चार्जर सेकंदाला १ लाख ३२ हजार वेळा चालू-बंद होतो. ही चार्जरमध्ये प्रत्यक्ष वापरली जाणारी गती आहे. तिची सहापट केली की येतात ७ लाख ९२ हजार, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ. आकाशवाणीचे पुणे केंद्र मीडियम वेव्हवर नेमके इथेच लागते. चार्जर बनवणाऱ्याचे आकाशवाणीशी काही वैर नसते. पण फिल्टर नसलेला चार्जर रेडिओजवळ लावला, की बातम्यांऐवजी गुरगुर ऐकू येते.

हे घरच्या घरी तपासता येते. सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर कपाटात असेल तर काढा. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा आणा. मग तो चालू चार्जरजवळ, एलईडी बल्बजवळ, इन्व्हर्टरजवळ न्या. काही उपकरणांजवळ जेमतेम खरखर येईल, काहींजवळ रेडिओ अक्षरशः किंचाळेल. दोन्ही उपकरणे तेवढाच प्रकाश किंवा तेवढीच वीज देत असतील. मग फरक कशाचा?

फरक असतो चार-दोन साध्या गोष्टींचा. पहिली गोष्ट जवळजवळ फुकट आहे: सर्किट बोर्डाची नीट मांडणी. झटक्याने बदलणारा प्रवाह ज्या वाटेने फिरतो ते वर्तुळ जितके लहान, तितकी त्याची अँटेना लहान. मांडणी करणाऱ्याने डोके वापरले तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे स्विचचा झटका थोडा मवाळ करणे. एखादा रेझिस्टर, एखादा छोटा कपॅसिटर एवढ्यावर हे भागते; बदल्यात किंचित उष्णता वाढते. तिसरी गोष्ट प्रवेशद्वारावरचा फिल्टर. दोन तारा एकाच कड्यावर गुंडाळलेली एक गुंडाळी आणि जोडीला दोन-तीन खास कपॅसिटर. घरची ५० हर्ट्झची वीज यातून विनातक्रार आत येते. आतला उच्च वारंवारितेचा गोंगाट मात्र बाहेर पडताना इथेच अडतो. चौथी गोष्ट तुम्ही पाहिलेली आहे. लॅपटॉपच्या वायरीवर टोकाजवळ एक फुगीर, कडक नळकांडे असते. त्यात फेराइट नावाच्या काळपट, ठिसूळ पदार्थाची कडी असते. वायरीतून निसटू पाहणारा गोंगाट ती अडवते आणि किंचितशा उष्णतेत जिरवून टाकते.

आता स्वस्त उपकरणांची गोष्ट. दुरुस्ती करणाऱ्यांना हे दृश्य परिचयाचे आहे: स्वस्त एसएमपीएस उघडला की बोर्डावर फिल्टरच्या गुंडाळीची जागा छापलेली दिसते, कपॅसिटरच्या पायांसाठी भोकेही पाडलेली असतात. पण गुंडाळीच्या जागी तारेचा तुकडा डकवलेला आणि कपॅसिटरची जागा रिकामी. म्हणजे रचनाकाराला काय हवे ते ठाऊक होते. कारखान्यात कोणीतरी ते वगळले. उपकरण तरीही चालते. बल्ब पेटतो, फोन भरतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, आणि नगामागे वाचलेले थोडे रुपये लाखो नगांच्या हिशेबात कारखानदाराच्या खिशात.

माझा आक्षेप इथे आहे. सुरक्षेत काटकसर केली तर निदान गिऱ्हाइकाचा हात भाजतो आणि तो तक्रार करतो. फिल्टरमध्ये केलेली काटकसर गिऱ्हाइकाला दिसतच नाही, कारण नुकसान दुसऱ्याचे होते. घरातली वायरिंग ही आयती अँटेना असते. तिच्यातून गोंगाट भिंतीपलीकडे, वरच्या मजल्यावर, समोरच्या इमारतीत जातो. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने ते प्यावे, तसलाच हा व्यवहार आहे. अशा ठिकाणी ‘बाजार आपोआप सुधारेल’ म्हणणे ही भाबडी आशा आहे.

‘पण हल्ली मीडियम वेव्ह ऐकतो कोण?’ हा प्रश्न हमखास येतो. मुळात ऐकणारे आहेत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीवरून गेल्यावर कित्येक गावांत वीज आणि मोबाइलचे नेटवर्क अनेक दिवस नव्हते. अशा वेळी सेलवरचा रेडिओ हाच बाहेरच्या जगाशी दुवा उरतो. त्याच्या शेजारी घरचा इन्व्हर्टर गुरगुरत असेल, तर तोही दुवा तुटतो.

आणि गोष्ट मीडियम वेव्हपुरती नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजांसाठी सावधगिरीची सूचना काढली होती. बोटींवर बसवलेल्या काही एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजांची जागा दाखवणारी एआयएस यंत्रणा यांचे ग्रहण बिघडत असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. एका घटनेत बचाव केंद्राला एका जहाजाशी व्हीएचएफवर संपर्कच साधता आला नव्हता. संकटातल्या खलाशाची हाक ज्या रेडिओवरून जायची, तोच दिव्यापायी बहिरा व्हावा! त्या सूचनेत दिलेली तपासणी सोपी आहे. रेडिओ शांत वाहिनीवर लावा, ‘स्क्वेल्च’चे बटण खरखर जेमतेम थांबेल इतपत फिरवा आणि मग दिवे लावा. खरखर परत आली तर दोष दिव्यांचा. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार बोटींवरही आता एलईडी दिवे आहेत. ही तपासणी मालवण, हर्णै किंवा ससून डॉकमधल्या तांडेलालाही जमेल.

किनाऱ्यावरून घाटावर या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे अतिक्षीण रेडिओसंकेत ती टिपते. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडताना तिथला मानवनिर्मित रेडिओ कोलाहल कमी असणे हा एक निकष होता. आज त्याच परिसरात घरे, दुकाने, शीतगृहे, चार्जर आणि इन्व्हर्टर वाढत आहेत. ते वाढणारच, गावांनी अंधारात राहावे असे कोणी म्हणू शकत नाही. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा आराखडा दुर्बिणीच्या कामात व्यत्यय नको म्हणून बाजूला ठेवला गेला, त्यावरून परिसरात नाराजीही उमटली. विज्ञान की विकास, असे हे भांडण वरवर दिसते. पण निदान घरगुती उपकरणांपुरते तरी हे भांडण खोटे आहे. फिल्टर लावलेला दिवा तेवढाच उजेड देतो.

गोंगाट कमी करण्याऐवजी ऐकणाऱ्याचा कान कापण्याचा मार्गही काहींनी निवडला. विजेवरच्या मोटारींमधले कन्व्हर्टर फार शक्तिशाली असतात. त्यांच्यामुळे मीडियम वेव्हवर खरखर येते. तेव्हा टेस्ला, बीएमडब्ल्यू यांसारख्या कंपन्यांनी अशा काही गाड्यांमधून तो रेडिओच काढून टाकला. फोर्डनेही तसे ठरवले होते. पण आपत्कालीन सूचनांसाठी हा रेडिओ लागतो, अशी ओरड झाल्यावर मे २०२३ मध्ये निर्णय फिरवला. अमेरिकी काँग्रेसमध्ये तर प्रत्येक गाडीत तो सक्तीचा करण्यासाठी विधेयक आले.

आरोग्याच्या बाजूने या विषयाकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. चार्जर आणि बल्ब यांतून निघणारा हा गोंगाट शरीराला विषासारखा बाधतो, त्याने कर्करोग होतो, झोप उडते, असे सांगून ‘अँटी-रेडिएशन’ स्टिकर आणि ‘डर्टी इलेक्ट्रिसिटी’ घालवणारे महागडे प्लग विकले जातात. या दाव्यांना भरवशाचा वैज्ञानिक आधार नाही. या लहरींमध्ये पेशीतले रेणू तोडण्याइतकी ऊर्जा नसते आणि उपकरणापासून हातभर दूर गेले की त्यांची तीव्रता झपाट्याने उतरते. स्टिकरवर पैसे घालवू नका.

खरा धोका शरीराला नाही, शरीराची काळजी घेणाऱ्या यंत्रांना आहे. हृदयाचा विद्युतसंकेत छातीवर जेमतेम एखाद्या मिलिव्होल्टचा असतो. ईसीजीच्या तारांत बाहेरचा गोंगाट शिरला तर आलेख थरथरतो आणि डॉक्टरला तपासणी पुन्हा करावी लागते. श्रवणयंत्र ‘टी’ बटणावर वापरणाऱ्या आजी-आजोबांना काही दिव्यांखाली सतत गूंऽऽ ऐकू येते. पुष्कळदा घरचे म्हणतात, ‘यंत्रच खराब असेल.’ पेसमेकर आज चांगले कवचबद्ध असतात, तरी मोबाइल आणि वायरलेस चार्जर त्यापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावेत, हा सल्ला पाळावा. रुग्णालयाच्या उपकरणांना व्यत्ययाचे कडक निकष असतात. पण आता रक्तदाबाची, प्राणवायूची, ईसीजीची यंत्रे घरी आली आहेत. त्यांच्या शेजारच्या पट्टीवर कोणता चार्जर आहे, यावर मात्र कोणाचेच नियंत्रण नाही.

इथे सरकारचा विषय येतो. रेडिओचे ग्रहण वाचवण्यासाठी ‘सिस्प्र’ ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्येच स्थापन झाली. उपकरणांनी किती गोंगाट सोडावा याच्या मर्यादा ती ठरवते. युरोपने १९८९ मध्ये त्यासाठी कायदेशीर निर्देश काढला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो पूर्ण सक्तीचा केला. भारतीय मानक ब्युरोकडेही ‘आयएस ६८७३’ ही मानकांची मालिका आहे. पण मानक असणे वेगळे आणि ते सक्तीचे असणे वेगळे. आपल्याकडे वाहनांना व्यत्ययाची चाचणी सक्तीची आहे, दूरसंचार उपकरणांना आहे. एलईडी बल्ब, चार्जर, अ‍ॅडॉप्टर यांना ‘बीआयएस’ची नोंदणी लागते, मात्र ती परीक्षा मुख्यतः विजेच्या सुरक्षेची. धक्का बसत नाही ना, आग लागत नाही ना, हे पाहिले जाते. शेजाऱ्याचे काय होते, हे नाही.

यावर लघुउद्योजकांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. चाचणीचा खर्च मोठा, प्रयोगशाळांपुढे रांगा, आधीच चिनी मालाशी झुंज. पण चाचणी प्रत्येक नगाची नसते, प्रत्येक मॉडेलची असते. पुण्यात एआरएआयकडे, मुंबईत पवई येथे मुख्यालय असलेल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेकडे या कामाचा अनुभव आहे. लघुउद्योगांना सवलतीत चाचणी आणि मांडणीचा सल्ला मिळावा. सक्ती टप्प्याटप्प्याने यावी: आधी सौरइन्व्हर्टर आणि वाहनांचे चार्जर, मग एलईडी दिवे, मग बाकीचे. प्रामाणिक कारखानदाराला तर याचा फायदाच आहे. आज तो फिल्टर बसवतो आणि तारेचा तुकडा डकवणाऱ्याकडून किमतीत मार खातो.

मात्र नुसता कागद पुरणार नाही. चाचणीला पाठवलेल्या नमुन्यात सगळे भाग असतात आणि बाजारात आलेल्या मालातून ते गळतात, हे होऊ शकते. म्हणून दुकानातून नमुने उचलून तपासणे आवश्यक आहे. आणखी एक पळवाट आहे. स्विचची गती सतत थोडी हलती ठेवली, की गोंगाट एका जागी उंच न दिसता आजूबाजूला पसरतो. मोजणाऱ्या यंत्राला एका वेळी ९ किलोहर्ट्झची अरुंद खिडकीच दिसत असल्याने आकडा खाली येतो. ही पद्धत वैध आहे आणि उपयुक्तही. पण कचरा उचलण्याऐवजी अंगणभर पसरून ‘ढीग दिसत नाही ना?’ म्हणण्यासारखी आहे. फिल्टरच्या जोडीला ती चालेल, फिल्टरऐवजी नाही.

तोवर आपण काय करावे? बिननावाचे चार्जर आणि दिवे घेऊ नयेत. गोंगाट करणारे उपकरण रेडिओच्या चाचणीने ओळखावे आणि बदलावे. चार्जर उघडून पाहण्याच्या फंदात मात्र पडू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ धक्का देऊ शकतो. आणि अर्थिंग तपासून घ्यावे. संगणकाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात? तर फिल्टरचे कपॅसिटर गोंगाट जमिनीकडे न्यायला बसलेले आहेत, पण सॉकेटमध्ये जमिनीची वाटच नाही, असे बहुधा असते. तिसरी पिन कापून प्लग बसवणारे आपणही मग या गोंगाटाचे भागीदार असतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती वाट मोकळी करावी.

रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करायला लावणारा कायदा आपण मान्य केला, कारण शेजाऱ्याची झोप हीदेखील कोणाची तरी मालमत्ता आहे, हे आपल्याला पटले. रेडिओलहरींचे आकाशही असेच सामायिक आहे. मच्छीमाराची हाक, आजीचे श्रवणयंत्र, खोडदची दुर्बीण आणि वादळातली बातमी, सगळी त्याच आकाशातून वाट काढतात. तिथला गोंगाट कानाला ऐकू येत नाही, म्हणून तो नियमाबाहेर राहिला आहे. छतांवर एक कोटी इन्व्हर्टर चढण्याआधी ही सक्ती आली तर ती स्वस्तात होईल. नंतर एकेक उपकरण शोधून दुरुस्त करायची वेळ आली, तर हा ‘ईएमआय’ शेजाऱ्यासकट सगळ्यांनाच व्याजासह भरावा लागेल.